गच्चीवरचा शेजारधर्म

२००७ सालच्या ऑगस्टमध्ये व्हेनेझुएलातल्या एर्मानो पिएत्रोसेमोली या प्राध्यापकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन डोंगरांवर दोन डिश अँटेना एकमेकींकडे तोंड करून बसवल्या. एक होती एल आगिला या अँडीजमधल्या उंच ठिकाणी, दुसरी प्लातियोनच्या डोंगरावर. मधलं अंतर ३८२ किलोमीटर. डिशच्या मागे जोडलेली यंत्रं म्हणजे स्वस्त वाय-फाय राऊटर होते. फक्त त्यांच्या आतली आज्ञावली बदललेली होती. या जोडणीतून दोन्ही दिशांना सेकंदाला सुमारे तीन मेगाबिट माहिती गेली. पुण्याहून सरळ दक्षिणेला एवढं अंतर कापलं तर मडगावही मागं पडतं. आपल्याकडे घरातला वाय-फाय राऊटर दिवाणखान्यातून मागच्या खोलीपर्यंत धड पोहोचत नाही.

हा विक्रम थक्क करणारा आहेच. पण याच स्वस्त यंत्रांतून गेल्या पंचवीस वर्षांत जगात आणखी एक गोष्ट उभी राहिली, आणि मला ती जास्त नवलाची वाटते. लोकांनी आपापल्या गच्च्यांवर अँटेना लावल्या, त्या शेजाऱ्याच्या अँटेनाला जोडल्या, शेजाऱ्याची त्याच्या शेजाऱ्याला, आणि कोणत्याही कंपनीच्या मालकीचं नसलेलं बिनतारी जाळं विणलं. अथेन्स, बर्लिन, कॅटलोनियातली खेडी, नेपाळमधले डोंगर, आणि आपल्याकडे पालघर जिल्ह्यातली गावं. या जाळ्यांचा इतिहास वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते: जिथं माणसं ठरल्या दिवशी एकत्र बसत राहिली तिथं जाळं टिकलं. आठवड्याची किंवा महिन्याची बैठक, एखादा बाहेरून आलेला वक्ता, नंतरचा चहा आणि टेबलावर पसरलेला नकाशा. वरवर किरकोळ वाटणारा हा कार्यक्रम त्या जाळ्याचा कणा असतो. तो का, हे समजायला आधी लहरींकडे वळावं लागेल.

वाय-फाय ज्या लहरी वापरतं त्यांतल्या २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साधारण साडेबारा सेंटिमीटर. घरातला राऊटर ती चहूकडे उधळतो, म्हणून ती भिंतीतच विरते. तीच शक्ती जाळीदार डिशनं एका दिशेला वळवली की काम पालटतं. २४ डेसिबलची अँटेना म्हणजे त्या एका दिशेला सुमारे अडीचशे पट जोर. आणि अशीच अँटेना पलीकडच्या टोकालाही असली, तर ऐकण्याची ताकदही तितकीच वाढते. कायद्यानं मर्यादा आहे ती लहरी पाठवण्यावर. मोठी डिश लावून ऐकण्यावर नाही. लांबच्या जोडण्यांचं अर्धं गुपित या एका वाक्यात आहे.

उरलेलं अर्धं वेळेत. वाय-फायचं यंत्र माहितीचा एक तुकडा पाठवतं आणि ‘मिळाला’ या उत्तराची वाट पाहतं. वाट पाहण्याचा काळ काही दशलक्षांश सेकंदांचा, कारण हे तंत्र घरासाठी आणि कचेरीसाठी बांधलेलं. लहर एका मायक्रोसेकंदात ३०० मीटर जाते. म्हणजे दहा किलोमीटर जाऊन परत यायला सुमारे ६७ मायक्रोसेकंद लागतात, आणि ३८२ किलोमीटरला अडीच मिलिसेकंद. तोवर बिचाऱ्या राऊटरनं तुकडा हरवला असं मानून तो पुनःपुन्हा पाठवलेला असतो. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाच्या गटानं ही वाट पाहण्याची पद्धतच काढून टाकली आणि दोन्ही टोकांना बोलण्याच्या वेळा वाटून दिल्या. व्हेनेझुएलातल्या राऊटरांत हीच आज्ञावली होती. या गटानं तमिळनाडूत थेनी भागात अरविंद नेत्र रुग्णालयाच्या खेड्यांतल्या केंद्रांसाठी अशाच जोडण्या उभारल्या. गावातला रुग्ण तिथंच बसून रुग्णालयातल्या डॉक्टरांना पडद्यावर भेटू लागला.

आता तिसरी अडचण, आणि टेकड्यांच्या पुण्यासाठी हीच सगळ्यांत मोठी. दोन अँटेनांनी एकमेकींना ‘पाहिलं’ पाहिजे, आणि नुसती डोळ्यांना दिसणारी रेघ पुरत नाही. लहर दोन टोकांमधून पखवाजासारखी जाते, टोकांना निमुळती आणि मधे फुगलेली. फ्रेनेल या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या नावानं हा भाग ओळखला जातो. दहा किलोमीटरच्या जोडणीत २.४ गिगाहर्ट्झला मध्यभागी या फुगवट्याची त्रिज्या साडेसतरा मीटरच्या पुढं जाते, आणि तिचा किमान साठ टक्के भाग मोकळा लागतो. म्हणजे दुर्बिणीतून समोरची गच्ची स्वच्छ दिसते, पण मधल्या गुलमोहराचा शेंडा रेघेच्या दहा मीटर खाली आला की जोडणी खोकायला लागते. व्हेनेझुएलात तर पृथ्वीची गोलाईच आडवी येत होती. एवढ्या अंतरात तिचा उंचवटा मध्यावर दोन किलोमीटरहून जास्त भरतो. म्हणून तर डोंगर गाठावे लागले.

पावसाबद्दल आपल्याकडे फार गैरसमज आहे. पुण्यातला मुसळधार पाऊस २.४ किंवा ५.८ गिगाहर्ट्झच्या लहरीला जवळपास काहीच करत नाही. पावसाचा खरा त्रास दहा गिगाहर्ट्झच्या वरच्या लहरींना. जोडणी पावसाळ्यात पडते ती भिजलेल्या पानांमुळे आणि केबलच्या जोडात शिरलेल्या पाण्यामुळे. अँटेना लावणारे लोक रबरी टेपवर एवढा जीव का टाकतात ते यावरून कळावं.

पुणं समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर वसलेलं, आणि शहराच्या पोटात वेताळ टेकडी आठशे मीटरपर्यंत गेलेली. कोथरूड आणि पाषाण नकाशावर हाकेच्या अंतरावर, पण मधे ही टेकडी. कोथरूडची गच्ची पाषाणच्या गच्चीला कधीच पाहू शकत नाही. दूरदर्शननं मनोरा उभारायला सिंहगड निवडला तो उंचीसाठी. नागरिकांच्या गटाला गड मिळत नाही, वनखात्याची टेकडीही मिळत नाही. त्याला तिसरी गच्ची शोधावी लागते, जिथून दोन्ही बाजू दिसतील. ती गच्ची कोणाची तरी असते, आणि त्या कोणाला तरी प्रत्यक्ष भेटून विचारावं लागतं. बैठकीची गरज इथं सुरू होते. गणित पुस्तकात सापडतं. तिसऱ्या गच्चीच्या किल्ल्या कोणाकडे असतात ते पुस्तकात नसतं.

या लहरी सामान्य माणसाच्या हाती आल्या त्याची कथा मजेची आहे. १९४७ मध्ये अटलांटिक सिटीत भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत उद्योग, विज्ञान आणि वैद्यक यांच्या यंत्रांसाठी काही पट्टे बाजूला काढले गेले. त्यात २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा होता, जिथं पुढं मायक्रोवेव्ह भट्ट्या चालू लागल्या. संदेशवहनासाठी ही जागा गोंगाटाची, म्हणून कमी मोलाची. १९८५ मध्ये अमेरिकेनं या पट्ट्यात परवान्याशिवाय संदेश पाठवायला मुभा दिली, आणि १९९७ मध्ये वाय-फायचं पहिलं मानक आलं. ज्या जमिनीला कोणी विचारत नव्हतं तिच्यावर जगातलं सगळ्यात गजबजलेलं गाव वसलं. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा परवानामुक्त झाला तो जानेवारी २००५ मध्ये. मुख्य अटी दोन: अँटेनातून निघणारी परिणामी शक्ती चार वॉटपर्यंत, आणि अँटेना मंजूर इमारतीच्या छपरापासून पाच मीटरपेक्षा उंच नाही. ५ गिगाहर्ट्झचा मोठा पट्टा घराबाहेर वापरायला खुला झाला २०१८ च्या ऑक्टोबरात. तोपर्यंत परदेशातल्या गटांना पंधरा वर्षं सोपी असलेली गोष्ट आपल्याकडे कागदपत्रांत अडकलेली होती.

परदेशात हे सगळं २००० च्या सुमाराला पेटलं. लंडनमध्ये जेम्स स्टीव्हन्स आणि ज्युलियन प्रीस्ट यांनी ‘कन्झ्यूम’ नावाची कल्पना मांडली: महागडी इंटरनेट लाइन एकानं घ्यायची आणि रस्त्यापलीकडच्यांना बिनतारी वाटायची. अमेरिकेत सिएटल, पोर्टलंड, न्यूयॉर्क आणि सॅन फ्रान्सिस्को भागात गट जमले. २००१ मध्ये रॉब फ्लिकेंजर यांनी बटाट्याच्या वेफर्सच्या उभ्या डब्यातून अँटेना बनवली आणि ती जगभर गाजली. खरं सांगायचं तर तो डबा अरुंद होता. त्याहून बरं काम आठ-साडेआठ सेंटिमीटर व्यासाचा साधा पत्र्याचा डबा देतो. त्याच्या तळापासून ठरावीक अंतरावर भोक पाडून तीन सेंटिमीटरच्या आसपास लांबीची तांब्याची तार आत खुपसली की झाली अँटेना. दूध पावडरीच्या डब्याचा असा उपयोग असतो हे घरातल्या आजीला पटवणं जास्त कठीण.

यातला माझा आवडता प्रसंग ऑक्टोबर २००२ चा. लंडनच्या गटातली माणसं बर्लिनला गेली. ‘बर्लॉन’ नावाच्या त्या कार्यशाळेत त्यांनी आपलं काम, आपल्या फसगती आणि आपले नकाशे जर्मन मंडळींपुढं मांडले. म्हटलं तर पाहुण्यांची व्याख्यानंच. पण त्या बैठकीतून बर्लिनचं ‘फ्रायफुंक’ सुरू झालं, जे आज जर्मनीभर पसरलं आहे. दर बुधवारी बर्लिनच्या सी-बेस या जागी मंडळी जमत. कोणी राऊटर घेऊन येई, कोणी अडचण घेऊन. शहरातल्या चर्चच्या मनोऱ्यांवर आणि सरकारी इमारतींवर अँटेना लागल्या त्या अशाच ओळखींतून. पाद्रीबुवांना पत्र पाठवून मनोरा मिळत नाही, जाऊन बसावं लागतं.

या गटांनी आपसांत एक छोटा करारही लिहून काढला, ‘पिकोपीअरिंग’ नावाचा. त्याचा आशय असा: माझ्या अँटेनातून तुझी माहिती पुढं जाईल, तिचं मोल मी घेणार नाही आणि तिच्यात हात घालणार नाही, जोडणीला लागणारी माहिती उघडी ठेवीन, पण सेवा चालूच राहील याची हमी देणार नाही. हमी नाही, हे वाक्य मला फार प्रामाणिक वाटतं. कंपनी हमी देते आणि पाळत नाही; हे लोक देतच नाहीत, आणि जोडणी पडली की शिडी घेऊन चढतात.

अथेन्समध्ये २००२ पासून वाढलेल्या जाळ्यामागं कारण साधं होतं: तिथं वेगवान इंटरनेट मिळतच नव्हतं. लोकांनी आपलं जाळं बांधलं आणि त्यातच आपले सर्व्हर, आपल्या फायली, आपले फोन चालवले. बाहेरचं इंटरनेट असो वा नसो, शहरातलं शहरात चाललं पाहिजे ही वृत्ती. सगळ्यात मोठं झालं ते कॅटलोनियातलं ‘गिफी नेट’. ओसोना भागातल्या गुर्ब या गावी रामोन रोका यांना कोणतीही कंपनी इंटरनेट द्यायला तयार नव्हती, म्हणून २००४ मध्ये त्यांनी शेजाऱ्यांना धरून सुरुवात केली. आज त्यात पस्तीस हजारांहून अधिक नोड आहेत, म्हणजे तितक्या जागी कोणी ना कोणी माहिती पुढं ढकलणारं यंत्र सांभाळतंय. पुढं त्यांनी फायबरही घातली, तीही याच सामाईक मालकीच्या तत्त्वावर.

आपल्या शेजारी नेपाळचं उदाहरण आहे. म्याग्दी जिल्ह्यातल्या नांगी गावचे शिक्षक महाबीर पुन यांनी २००१ मध्ये बीबीसीला पत्र लिहून विचारलं, आमच्या डोंगरात इंटरनेट कसं आणता येईल? वाचणाऱ्यांपैकी काही परदेशी स्वयंसेवक मदतीला आले. तेव्हा नेपाळात माओवादी संघर्ष पेटलेला, वाय-फायला परवानगी नाही. सामान गुपचूप आणावं लागलं. झाडावर बांधलेल्या अँटेना आणि घरगुती डिश यांतून एकेक गाव जोडलं गेलं. २००७ मध्ये पुन यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

तंत्राच्या बाजूनं या चळवळीला वळण दिलं ते एका परवान्याच्या कलमानं. २००२ च्या शेवटी लिंकसिस कंपनीचा डब्ल्यूआरटी-५४-जी हा निळा-काळा राऊटर बाजारात आला. त्याच्या आत लिनक्स ही मुक्त आज्ञावली आहे हे काही लोकांनी शोधून काढलं. लिनक्सचा परवाना सांगतो की ती आज्ञावली वापरून विकली तर मूळ मजकूरही द्यावा लागतो. मागणी झाली, दबाव आला, आणि २००३ मध्ये कंपनीला तो मजकूर खुला करावा लागला. त्यातून २००४ मध्ये ‘ओपन-डब्ल्यूआरटी’ ही राऊटरसाठीची खुली आज्ञावली निघाली, आणि स्वस्त घरगुती राऊटर एकाएकी महागड्या यंत्रांची कामं करू लागला.  बर्लिनकरांनी त्यात ‘मेश’ची भर घातली. मेश म्हणजे एकमेकांना वाट दाखवणारं जाळं: एखादा नोड बंद पडला तर माहिती आपण होऊन दुसऱ्या गच्चीवरून वळते. फ्रायफुंकच्या लोकांनी यासाठी रचलेली ‘बॅटमॅन’ ही पद्धत २०११ मध्ये लिनक्सच्या गाभ्यातच सामील झाली. मेशची किंमतही मोजावी लागते. एकच रेडिओ असलेला नोड एका वेळी ऐकतो किंवा बोलतो, त्यामुळं प्रत्येक टप्प्यावर वेग साधारण निम्मा होतो. चार-पाच गच्च्या ओलांडल्या की व्हिडिओ विसरावा.

आता पुणं. महिन्याच्या बैठका आणि व्याख्यानं यांबाबत या शहराला कोणी काही शिकवू नये. १८७० ची सार्वजनिक सभा, न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला, १९४४ पासून हौशी आकाशनिरीक्षकांना एकत्र आणणारी ज्योतिर्विद्या परिसंस्था, आयुका या खगोलसंस्थेत दुसऱ्या शनिवारी शाळकरी मुलांसाठी होणारी व्याख्यानं, आणि संगणकाच्या जगात ‘पुणे लिनक्स युजर्स ग्रुप’, ज्याच्या मासिक बैठकांत विद्यार्थी आणि नोकरदार एकाच टेबलाभोवती बसून एकमेकांचे संगणक दुरुस्त करत आले. बिनतारी जाळ्यासाठी लागणारी माणसं आणि सवय दोन्ही इथं होती. तरी इथं गच्च्यांचं जाळं का विणलं गेलं नाही?

कारण शहरानं दुसरा रस्ता धरला. २००६ मध्ये पुणे महापालिकेनं इंटेल कंपनीला बरोबर घेऊन ‘अनवायर पुणे’ प्रकल्प जाहीर केला: सगळं शहर वाय-फायनं झाकायचं. कल्पना वेळेच्या पुढची होती, त्याचं श्रेय द्यायला हवं. पण ती वरून खाली येणारी होती. कंत्राटदार खांबावर यंत्र लावणार, नागरिक पैसे भरून वापरणार. त्या वेळी जगभरातल्या शहरांनी असे प्रकल्प काढले आणि बहुतेकांना एकच अनुभव आला, रस्त्यावरचा खांब घराच्या भिंतीआड पोहोचत नाही आणि खांबाची काळजी घेणारं आसपास कोणी नसतं. पुण्याचा प्रकल्पही घराघरात पोहोचला नाही. २०१८ मध्ये स्मार्ट सिटीच्या नावाखाली ‘गूगल स्टेशन’ आलं, बागा, रुग्णालयं, पोलीस ठाणी अशा दीडशेच्या आसपास जागी. त्याचा गाशा गुंडाळायचं कंपनीनं २०२० मध्ये जाहीर केलं, कारण एव्हाना मोबाइल डेटा स्वस्त झाला होता. कंपनीच्या हिशोबात ते बरोबरच होतं. हिशोब कंपनीचा होता, एवढंच.

दुसरं कारण भीतीचं. जुलै २००८ मध्ये अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांच्या वेळी पाठवलेला दहशतवाद्यांचा ईमेल नवी मुंबईत सानपाड्याच्या एका घरातल्या उघड्या वाय-फायवरून गेल्याचं तपासात निघालं. घरातल्या माणसाला त्याचा पत्ताही नव्हता. त्यानंतर २००९ मध्ये दूरसंचार विभागानं वाय-फाय कुलूपबंद ठेवण्याबाबत आणि वापरणाऱ्याची ओळख नोंदवण्याबाबत सूचना काढल्या. शेजाऱ्याला जोडणी देणं म्हणजे पोलिसांना घरी बोलावणं, अशी समजूत मध्यमवर्गात घट्ट बसली. ती पूर्ण चुकीची नव्हती, म्हणून जास्त घट्ट बसली.

ज्या गोष्टीला पुण्यात मुहूर्त लागला नाही ती पालघरात घडली. आयआयटी मुंबईचे तेव्हाचे प्राध्यापक अभय करंदीकर, सरबानी बॅनर्जी बेलूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘ग्राममार्ग’ नावाचा प्रकल्प उभारला. सुरुवात एका मोजणीतून झाली. दूरदर्शनसाठी राखलेल्या ४७० ते ५९० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात १५ वाहिन्यांची जागा आहे, आणि त्यांच्या अभ्यासात दिसलं की देशात जवळपास सगळीकडे त्यातल्या किमान १२ रिकाम्या पडून असतात. अमेरिका-युरोपात दूरचित्रवाणीचे प्रक्षेपक दाटीनं असतात, आपल्याकडे प्रेक्षक केबल आणि डिशकडे गेले आणि हवा मोकळी राहिली. या पट्ट्यातल्या लहरीची लांबी अर्धा मीटर आणि त्याहून थोडी जास्त, त्यामुळं झाडीतून आणि उंचसखल भागातून ती वाय-फायपेक्षा कितीतरी बरी जाते. खामलोली, धुकटण, जांभळांसाठी नावाजलेलं बहाडोली अशा सात गावांत चाचणीचं जाळं बांधलं गेलं. गावागावांतला मोठा टप्पा दूरचित्रवाणीच्या मोकळ्या पट्ट्यातून आणि गावात पोहोचल्यावर वाटप साध्या वाय-फायनं. पुढं ५.८ गिगाहर्ट्झची यंत्रं वापरून ते पंचवीस गावांपर्यंत नेलं.

ग्राममार्गची खरी परीक्षा यंत्र लावून झाल्यावर सुरू झाली. अँटेना कुठं उभी राहणार, तिला वीज कोण देणार, बिघडली तर कोणाला बोलवायचं, वर्गणी किती. या प्रश्नांसाठी त्यांनी ग्रामपंचायत आणि गावातलाच एखादा होतकरू उद्योजक यांना भागीदार केलं. गावातल्या माणसांशी बोलून ठरवलेल्या या रचनेसकट तो प्रकल्प मोझिला संस्थेच्या २०१७ च्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरला आणि पहिला आला. बक्षीस होतं सव्वा लाख डॉलरचं. भारतनेटच्या योजनेनं अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याचं ठरवलंय, पण ग्रामपंचायतीच्या कचेरीपासून पाड्यापर्यंतचे शेवटचे दोन-चार किलोमीटर कोणत्याही योजनेत नीट मावत नाहीत. ते पालघरसारख्या ठिकाणी लोकांना धरूनच पार होतात.

पालघरचा हा उपाय पुणे जिल्ह्यात जशाच्या तसा उचलता येणार नाही, आणि त्यामागं एक सुंदर कारण आहे. पुण्याच्या उत्तरेला सुमारे ८० किलोमीटरवर, नारायणगावजवळ खोडदला खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली महाकाय रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० डिशची. त्यातल्या १४ मधल्या चौकात दाटीनं, बाकीच्या तीन हातांवर पसरलेल्या. ही जागा निवडताना पाहिलेली एक गोष्ट म्हणजे तिथली रेडिओ-शांतता. दुर्बिणीच्या पट्ट्यांपैकी दोन २५० ते ५०० आणि ५५० ते ८५० मेगाहर्ट्झ असे आहेत, म्हणजे पालघरमध्ये मोकळा वाटलेला दूरचित्रवाणीचा पट्टा इथं दोन्ही बाजूंनी विश्वातून येणाऱ्या क्षीण कुजबुजीशी भिडतो. एखाद्या पट्ट्यात कोणी बोलत नाही म्हणजे तो रिकामा, असं नसतं. तिथं कोणी ऐकत असू शकतं. जुन्नर-आंबेगावच्या गटानं पहिल्या व्याख्यानाला दुर्बिणीवरच्याच एखाद्या अभियंत्याला बोलवावं. परवानामुक्त पट्ट्यातलं स्वस्त, गळकं यंत्रसुद्धा भलत्याच वारंवारितेवर कसा गोंगाट करतं, ते त्या माणसाइतकं नेमकं कोणी सांगणार नाही.

शहरात स्वस्त मोबाइल डेटा असताना हे सगळं कशाला, असा प्रश्न पुणेकर विचारणार आणि तो योग्य आहे. कोथरूडात निव्वळ इंटरनेटसाठी गच्चीवर चढायची गरज उरलेली नाही. पण वेल्हे, मुळशी, भोरच्या डोंगरांआड मोबाइलची रेंज वळणावळणाला तुटते, आणि त्याच डोंगरांचे माथे एकमेकांना छान दिसतात. शाळा, दवाखाना आणि ग्रामपंचायत यांना जोडायला दोन टप्प्यांची जोडणी पुरते. कायदाही थोडा सैल झालाय: डिसेंबर २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं मान्यता दिलेल्या पीएम-वाणी योजनेत किराणा दुकानदार किंवा चहावाला परवाना, नोंदणी आणि शुल्क यांशिवाय वाय-फाय देऊ शकतो; वापरणाऱ्याची ओळख पटवण्याची जबाबदारी योजनेच्या ॲपवर जाते. २००९ नंतरची भीती अशी बारा वर्षांनी कागदावर तरी सुटली.

तंत्र पुण्यातल्या कोणत्याही अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या मुलांना येतं. बैठकीत भांडावं लागतं ते बाकीच्या गोष्टींवर. सोसायटीच्या अध्यक्षांना गच्चीवरचा खांब विजेला आमंत्रण वाटतो, तेव्हा त्यांना अर्थिंगची तार दाखवावी लागते. वरच्या मजल्यावरच्या काकूंना लहरींची काळजी वाटते. त्यांना हे सांगावं लागतं की चार वॉटची मर्यादा असलेली ती डिश त्यांच्या डोक्यावरून दूर क्षितिजाकडे पाहतेय. पाच मीटरच्या अटीसाठी खांब मोजून कापावा लागतो. शेवटी हमखास निघतो तो विजेचा मुद्दा. असा नोड दहा वॉटच्या आसपास खातो, महिनाभर अखंड चालला तर सात युनिटांपेक्षा जरा जास्त. ही सात युनिटं जिन्यातल्या सामाईक मीटरवर घालायची की गच्चीचा कुलूपकिल्लीवाला जो कोणी असेल त्याच्या मीटरवर, याचा निकाल लागेपर्यंत वक्त्यांचं आभारप्रदर्शन होऊन दुसरा चहाही संपलेला असतो.